फेरीतलं घर

भूमूल्य कर लागू झाला आणि दोन-तीन वर्षांत साताऱ्यातले रिकामे प्लॉट दिसेनासे झाले. जमीन होती तिथेच होती. पण तिला तारेचं कुंपण घालून, 'ही जागा विकणे नाही' अशी पाटी ठोकून, भाव वाढायची वाट बघत पुण्यात जाऊन बसणं आता परवडत नव्हतं. सरकारने पगारावरचा कर काढला, मजुरीवरचा काढला, दुकानातल्या मालावरचाही काढला आणि सगळा भार जमिनीच्या किमतीवर टाकला. इमारतीच्या नव्हे, नुसत्या जमिनीच्या. जागेवर सात मजले चढवा नाहीतर बाभळी वाढवा, कर तेवढाच.

यामागचा विचार साधा होता. माणूस घाम गाळतो, ती कमाई त्याची. पण जमिनीचा भाव मालकाने वाढवलेला नसतो. समोरून रस्ता जातो, कोपऱ्यावर दवाखाना येतो, आजूबाजूला माणसं राहायला येतात, म्हणून तो वाढतो. जे सगळ्यांनी मिळून वाढवलं, ते सगळ्यांच्या तिजोरीत जावं.

परिणामही बरेचसे अपेक्षेप्रमाणे झाले. गवंड्याच्या हातात मजुरी पूर्ण पडू लागली. लग्नसराईपुरतं उघडणारं मंगल कार्यालय एरवी अभ्यासिका म्हणून चालू लागलं, कारण कुलूप लावलं तरी कर चुकत नव्हता. पैसा लपवता येतो, जमीन लपवता येत नाही, त्यामुळे टेबलाखालचे व्यवहार आटले. हरले ते जुन्या कॉलन्यांतले बैठ्या बंगल्यांचे मालक, ज्यांची जागा मोक्याची होती आणि पेन्शन बेताची. त्यांच्याबद्दल वाईट वाटणारे लोक पुष्कळ होते. कायदा बदलावा इतकं वाईट मात्र कुणालाच वाटत नव्हतं.

शर्वरी जंगम पुण्याच्या मूल्यमापन केंद्रात काम करायची. राज्यातल्या प्रत्येक जागेचा भाव दर महिन्याला ठरवायचा, तोही वरच्या विटा-सिमेंटची किंमत बाजूला काढून, हे माणसांच्या आवाक्यातलं काम नव्हतं. केंद्रातल्या यंत्राने त्यासाठी प्रत्येक शहराची एक नक्कल उभी केली होती. नकलेत रस्ते होते, नळ होते, शाळा होत्या आणि घर शोधणारी हजारो काल्पनिक कुटुंबं होती. खरे भाडेकरार, खरे खरेदीव्यवहार, घर बघायला आलेले लोक काय काय विचारतात ते, हे सगळं वाचून ही कुटुंबं खऱ्या माणसांसारखी वागायला शिकली होती.

मग यंत्र वजाबाकी करायचं. नकलेतली एक शाळा उचलून टाकायची. काल्पनिक कुटुंबं आपापलं घर नव्याने निवडणार, भाव पुन्हा कुठेतरी स्थिरावणार. जिथे जेवढा भाव उतरला, तेवढा त्या शाळेचा वाटा. असंच बसथांब्याचं, बागेचं, दवाखान्याचं. मालकाला जाणाऱ्या नोटिशीत हे वाटे लिहिलेले असत, कारण कर कशाबद्दल आहे हे सांगितल्याशिवाय तो घ्यायचा नाही, असं कायद्यातच होतं. सगळ्या वजाबाक्या करून जे उरे त्याला केंद्रात 'शेष' म्हणत. शेष मोठा निघाला तर त्याचं कारण शोधायचं. नाहीच सापडलं तर 'अज्ञात' असं लिहायचं. अज्ञात शेषावर कर माफ होता.

शेषाची कारणं शोधणं हे शर्वरीचं काम आणि त्यात ती तरबेज होती. एका गावात तिने एका विहिरीचं गोडं पाणी शोधून काढलं होतं. दुसरीकडे एका उतारावर संध्याकाळी वारा येतो एवढंच कारण होतं, तेही तिने पकडलं. 'अज्ञात' लिहायची वेळ आली की तिला जेवण जात नसे.

साताऱ्याच्या प्रभात कॉलनीचा शेष तिच्यासमोर आला तेव्हा तिला आधी यंत्रच चुकल्यासारखं वाटलं. कॉलनीत शाळा नाही, बाजार नाही, उन्हाळ्यात पाणी दिवसाआड. तरी तिथल्या पाच गल्ल्यांत घरासाठी लोक रांगा लावून होते. आणि तिथेच, तिसऱ्या गल्लीत, चिकूच्या झाडाच्या बंगल्यात, तिचे वडील एकटे राहत होते. नातं जाहीर करून काम करायला केंद्रात मुभा होती. तिने ते जाहीर केलं आणि शनिवारी साताऱ्याची बस धरली.

शिवानंद जंगम म्हणजे अप्पा साखर कारखान्यात केमिस्ट होते. बायको गेल्यावर स्वयंपाक शिकले, तोही मापं लिहून ठेवून. 'पुण्याला चला' हा शर्वरीचा आग्रह त्यांनी दर दिवाळीला शांतपणे ऐकून घेतला होता. कर पुढे ढकलून वारसांवर टाकायची सवलत ज्येष्ठांना होती. त्या अर्जाकडे त्यांनी पाहिलंही नाही. आपलं ओझं मुलीच्या डोक्यावर ठेवून मरायचं नाही, एवढंच ते म्हणाले.

रविवारी सकाळी अप्पा अंघोळीला गेलेले, शर्वरी अंथरुणातच होती. जग बरंच बदललं होतं, पण प्रभात कॉलनीत दूध अजून गेटला टांगलेल्या कापडी पिशवीतच पडत होतं. गेट वाजलं, बेल वाजली, शर्वरी उठेपर्यंत दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि एक ठेंगणी, पायात बूट घातलेली बाई दुधाची पिशवी घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरली.

"जिता हाय न्हवं तुझा बाप?" तिने शर्वरीला विचारलं. "मग पिशवी का लोंबत्या अजून?"

या कांचनताई मुळीक. पोस्टात जन्मभर टपाल वाटलं. निवृत्त झाल्या त्याच वर्षी खात्याची मोठी उलथापालथ झाली, त्यात त्यांना साधा निरोपाचा चहाही कुणी पाजला नाही, आणि हे त्या भेटेल त्याला ऐकवत. पायांना सवय होती म्हणून सकाळी कॉलनीत फिरायच्या. फिरताना पिशव्या बघायच्या. सातपर्यंत पिशवी आत गेलेली नसली की बेल, बेल ऐकली नाही की किल्ली. सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. न्हाणीघरात पडलेले देशपांडे त्यांना वेळेवर सापडले होते, साखर उतरून निपचित झालेल्या शेखबाई सापडल्या होत्या. मुलं पुण्यात, बंगळुरात, कॅनडात, आईबाप इथे. मुलांनी एकमेकांना सांगितलं, आणि घरभाड्याच्या जाहिरातीत शब्द आला: 'फेरीतलं घर'.

तब्येतीवर नजर ठेवणारी मनगटावरची यंत्रंही होती म्हणा. शर्वरीनेच अप्पांना एक दिलं होतं, पण ते बहुतेक वेळ कपाटात असे आणि तिच्या फोनवर तेव्हा 'आराम' अशी हिरवी अक्षरं दिसत.

पुण्याला परतून तिने नकलेत एक नवी गोष्ट घातली: पाच गल्ल्यांतून सकाळी फिरणारी एक बाई. मग ती काढून टाकली. काल्पनिक कुटुंबांनी घरं बदलली, भाव उतरले, शेष जवळजवळ शून्यावर आला. इतकं स्वच्छ उत्तर तिला आजवर मिळालं नव्हतं. तिने फोन करून अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या वजाबाकीत माणूस चालतं होय?" कायद्यात त्याला कुठे मनाई नव्हती. शर्वरीने कारणाच्या जागी लिहिलं: सकाळची फेरी, कांचन मुळीक.

नोटिसा आल्या तेव्हा कॉलनीला आधी अभिमानच वाटला. लोकांनी ती ओळ एकमेकांना वाचून दाखवली. मग त्यांनी खालचा आकडा वाचला. आजवर माफ असलेला शेष आता करात आला होता.

कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष दिलीप बाबर, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी वरचा मजला भाड्याने दिला होता. भाडं वाढलं होतं खरं, पण वाढलं तेवढं सगळं करात चाललं होतं. ज्यांनी घर भाड्याने दिलंच नव्हतं, त्यांना तर वाढलेल्या भावाचा उपयोग एकच होता, घर विकून निघून जाणं. कांचनताईंनाही नोटीस होती. स्वतःच्या चालण्याचा कर स्वतःच भरणारी ती बहुधा राज्यातली पहिली बाई. श्रमावर कर नाही, असं कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं होतं.

समितीची बैठक झाली. ताईंना थांबा म्हणायचं कसं, हा प्रश्न होता. मग बाबरांना युक्ती सुचली, आणि ती आपल्याकडच्याच माणसाला सुचू शकते. ताईंचा सेवानिवृत्ती समारंभ करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र, भाषणं, वर्तमानपत्रात फोटो. सगळीकडे छापून आलं की यंत्र ते वाचणार, फेरी संपली असं धरणार आणि भाव उतरवणार. ताईंचा मानही राहील. पगार न घेणाऱ्या बाईला निवृत्त करता येतं का, असं बैठकीत कुणी विचारलं नाही.

समारंभ मंगल कार्यालयात झाला. कांचनताई नवी साडी नेसून आल्या होत्या. त्यांना खरंच वाटलं की पोस्टाने जे केलं नाही ते कॉलनी करतेय. मानपत्र वाचताना त्यांनी दोनदा डोळे पुसले. देशपांड्यांनी न्हाणीघराची हकिगत सांगितली. अप्पाही टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. जेवणं उरकल्यावर बाबर ताईंजवळ गेले आणि खालच्या आवाजात त्यांना सगळा बेत सांगितला. हे सगळं कागदोपत्री आहे, ताई, तुमचं तुम्ही हळूच चालू ठेवा, मागच्या गल्लीने, थोडं अंधारात.

ताईंनी शाल खांद्यावरून काढली नाही. त्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या.

"दुनियेसमोर निरोप दिला तुम्ही आणि आता चोरून फिर म्हणता? जन्मभर टपाल वाटलं मी. एक पत्र कधी चोरून टाकलं न्हाई. निरोप दिला न्हवं? मग घेतला मी."

किल्ल्यांचा जुडगा त्यांनी टेबलावर, श्रीफळाशेजारी ठेवला आणि त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या बाहेर पडत ते मागच्या रस्त्याने, पिशव्या नजरेस पडू नयेत म्हणून. त्यांची समजूत घालायला बरेच जण गेले. त्यांनी चहा सगळ्यांना पाजला.

यंत्राने फोटो वाचला, जाहिरातींतून 'फेरीतलं घर' गेलेलं वाचलं. भाव उतरू लागला, कर उतरला. बाबरांनी पेढे वाटले. शर्वरीला पुण्यात पडद्यावर शेष ओसरताना दिसत होता. आपलं कारण अचूक होतं, याचा तिला तेव्हा आनंद झाला. अप्पा सकाळी लवकर उठणारे, ठणठणीत, त्यांना कुठे फेरीची गरज आहे, असं तिने स्वतःला समजावलं. समजावावं लागलं, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण त्या आठवड्यात कामाची घाई होती.

पावसाळा सरला, थंडी सुरू झाली. एका मंगळवारी सकाळी अप्पांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, हवापाण्याचं सांगावं तसा.

"काल दिवसभर मी मेलो होतो, शर्वरी. कुणाला कळलं नाही."

अप्पा केमिस्ट होते. तपासून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची नोकरीतली सवय. मुलीने वजाबाकी नकलेत केली होती. त्यांनी ती खऱ्यात करून बघायची ठरवली. सोमवारी सकाळी त्यांनी पिशवी आत घेतली नाही. दार लावून, पडद्याआड वेताच्या खुर्चीत ते बसून राहिले. भूक लागली तेव्हा पोहे खाल्ले, खुर्चीत परत येऊन बसले. गल्लीतून माणसं जात होती, येत होती. पिशवी सगळ्यांना दिसत होती. ऊन वर आलं तेव्हा बाबर गेटपाशी थांबले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि दूध नासू नये म्हणून पिशवी काढून चिकूच्या सावलीत, फांदीला नीट टांगली. मग पुढे गेले. दिवेलागण झाली तेव्हा अप्पा स्वतःच उठले आणि नासलेलं दूध त्यांनी झाडाच्या बुडाशी ओतलं.

बाबर वाईट माणूस नाही, एवढं त्यांनी आवर्जून सांगितलं. शर्वरीबद्दल ते काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर तिने कालच्या नोंदी उघडल्या. दिवसभर हिरव्या अक्षरात 'आराम' होतं. तिने काल ते दोनदा बघितलंही होतं, एकदा मीटिंगमध्ये, एकदा जेवताना. तिला रडू आलं आणि ते आवरायला ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

ती बुधवारी साताऱ्यात पोहोचली ती अप्पांना घेऊन जायचं ठरवूनच. अप्पा घरात नव्हते. पायात कॅनव्हासचे बूट घालून, ताईंनी टेबलावर ठेवलेला तो किल्ल्यांचा जुडगा समितीकडून मागून घेऊन, ते पाच गल्ल्या फिरत होते. पिशव्या बघत होते. परत आले तेव्हा घामेजलेले होते आणि भलतेच खूश होते.

बाबर संध्याकाळी येऊन बसले. अप्पांनी त्यांना सोमवारची गोष्ट सांगितली, सावलीतल्या पिशवीसकट.  जाताना बाबरांनी आपल्या नव्या कुलपाची किल्ली काढून अप्पांच्या हातात दिली. कराबद्दलचा आपला विरोध कायम आहे, हेही ते दारातून सांगून गेले.

कांचनताईंकडे अप्पा स्वतः गेले होते. जागा तुमची आहे, परत या, असं म्हणाले. ताई म्हणाल्या, निरोप घेतलेलं माणूस परत येत नसतं. मग अप्पा उठून निघाल्यावर त्यांनी दारातून हाक मारली. "तुम्ही समद्यांच्या पिशव्या बघणार. तुमची कोण बघणार? एक घर बघितलं म्हंजे काय फेरी होत न्हाई." अप्पांनी जुडग्यातून आपल्या दाराची किल्ली काढून त्यांना दिली.

दोन महिन्यांत शेष पुन्हा वाढला. जाहिरातींत तो शब्द पुन्हा आला, या वेळी 'जंगमकाकांच्या फेरीतलं'. आणि प्रभात कॉलनीची नोंद पुन्हा शर्वरीच्या टेबलावर आली. कारणाची जागा कोरी होती.

तिने आधी नकलेत हिशेब करून पाहिला. फेरी चालू राहिली आणि नाव दिलं गेलं, तर कर दरवर्षी चढत जाणार. काही वर्षांतच तो अप्पांच्या पेन्शनच्या पुढे जाणार आणि चिकूचं झाड, वेताची खुर्ची, सगळं विकून त्यांना निघावं लागणार. म्हणजे आपल्या फेरीमुळे ते आपल्याच घराबाहेर पडणार. 'अज्ञात' लिहिलं तर असलं काही होणार नव्हतं. तो एक शब्द होता, आणि तो लिहिण्यात गुन्हाही नव्हता. सापडलं नाही म्हणायचं. तिने कधी खोटं कारण लिहिलं नव्हतं. तरी तिने तो शब्द लिहिला, आणि पाठवण्याआधी साताऱ्याला फोन लावला.

अप्पांनी हिशेब नीट ऐकून घेतला. किती वर्षं, हे पुन्हा विचारलं. तिने सांगितलं.

"मग तोवर फिरतो की," ते म्हणाले.

ती म्हणाली, मी 'अज्ञात' लिहिते, तुम्हाला काही भरावं लागणार नाही.

"नको. अज्ञात मी एक दिवस होतो, पुरे झालं. नाव लिही. नुसतं शिवानंद नको, आडनावासकट लिही. आणि त्या यंत्रात तुमच्या, चालणाऱ्याला काही परत द्यायची सोय नसेल, तर तेही कुणीतरी लिहायला घ्या. एवढे शिकलेले आहात."

शर्वरीने आधीचा शब्द खोडला. कारणाच्या जागी लिहिलं: सकाळची फेरी, शिवानंद जंगम. खाली नात्याचा रकाना होता, तिथे 'मुलगी' लिहिलं आणि नोंद पाठवून दिली. मग नवं टिपण उघडून बसली. एका माणसाच्या पायांनी वाढवलेला भाव सगळ्यांचा धरायचा की त्या माणसाचा, या प्रश्नावर वरिष्ठांना काय लिहावं, ते तिला त्या दिवशी सुचलं नाही. पुढचे कित्येक दिवस सुचलं नाही, पण तिने ते टिपण बंदही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तिने फोन हातात घेतला. हिरव्या अक्षरात 'आराम' होतं. ते न बघितल्यासारखं करून तिने घरी फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. ती उठून उभी राहिली. मग पलीकडून धापा टाकत कुणीतरी बोललं. आवाज कांचनताईंचा होता.

"फिराया गेलाय तुझा बाप. पिशवी घेतली मी आत," त्या म्हणाल्या. "आता ठेव फोन. दूध तापत ठेवलंय, उतू जाईल."